उपग्रह गच्चीवरून बांधायला घ्या

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या फुगवट्याच्या काठावरचं. कडक उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, गाळाची जमीन उघडी पडते आणि एखाद्या वर्षी पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ पाण्याबाहेर येतं. वडील रोज संध्याकाळी बांधावर उभे राहून पाणी किती हटलं ते बघायचे, कारण मोटारीचा पाइप त्याच्यामागे सरकवावा लागायचा. त्यामुळे कॉलेजातली पोरं माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, पृथ्वीचे फोटो काढणारा उपग्रह बनवू या," तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा: कशाचा फोटो, आणि तो बघून काय ठरवायचं?

मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि आमच्या उपग्रह टीमसोबत गेली आठ वर्षं काम करते. नव्याने सुरुवात करणाऱ्या टीमसाठी हे लिहिते आहे. आमचा उपग्रह अजून जमिनीवरच आहे, पण त्याचं ग्राउंड स्टेशन, म्हणजे उपग्रहांचे संदेश ऐकणारं गच्चीवरचं केंद्र, रोज चालतं. माझ्या मते क्रम हाच असावा. बहुतेक टीम उलट जातात. आधी ॲल्युमिनियमचा सुंदर सांगाडा कातून घेतात, त्यावर कॉलेजचं बोधचिन्ह कोरतात, आणि चित्र खाली कसं येणार याचा विचार तिसऱ्या वर्षी करतात. तोवर टीममधली अर्धी मुलं पास होऊन नोकरीला लागलेली असतात.

आपल्याकडे या कामाचा इतिहास आता बऱ्यापैकी आहे, तो आधी वाचून काढा. 12 जुलै 2010 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी15 रॉकेटमधून स्टुडसॅट गेला. कर्नाटक आणि तेव्हाच्या आंध्रातल्या सात इंजिनिअरिंग कॉलेजांच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला, वजन किलोभरापेक्षा कमी, आत कॅमेरा. ऑक्टोबर 2011 मध्ये आयआयटी कानपूरचा तीन किलोचा जुगनू गेला, त्यात जवळच्या अवरक्त किरणांत बघणारा कॅमेरा होता. त्याच उड्डाणात चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठाचा एसआरएमसॅट होता, हवेतले हरितगृह वायू मोजण्यासाठी. आपल्या पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजचा स्वयम् 22 जून 2016 रोजी गेला, जेमतेम 990 ग्रॅमचा. त्याच वर्षी सप्टेंबरात पीएसएलव्ही-सी35 मधून आयआयटी मुंबईचा प्रथम आणि बंगळुरूच्या पीईएस विद्यापीठाचा पायसॅट एकत्र गेले. पायसॅटवर भूनिरीक्षणाचा कॅमेरा होता. प्रथमवर कॅमेरा नव्हता, तो आयनावरणातले इलेक्ट्रॉन मोजणार होता. या प्रत्येकाचं काम एका वाक्यात सांगता येतं, ते बघा. तुमचंही एक वाक्य तयार होईपर्यंत एकही सुटा भाग विकत घेऊ नका.

आमचं वाक्य असं: उजनीच्या पाण्याची कड जानेवारी ते जून दर पंधरवड्याला टिपायची. हे वाक्य ठरायला चार महिने लागले. पहिल्या मसुद्यात "शेतकऱ्यांना मदत" असं होतं, ते मी खोडायला लावलं. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह दहा मीटर बारकाव्याची चित्रं दर पाच दिवसांनी फुकट देतात. ती उघडून शेतकऱ्याला मदत आजपासून करता येते आणि केलीच पाहिजे, त्यासाठी उपग्रह लागत नाही. आपला उपग्रह आपल्याला मोजायला, चुकायला आणि दुरुस्त करायला शिकवणार, आणि सेंटिनेलच्या चित्राशेजारी आपलं चित्र ठेवून ते किती खरं आहे हे तपासता येणार. एवढं प्रामाणिकपणे लिहिलं की पुढचे सगळे आकडे त्या वाक्यातूनच निघतात.

आता आकडे. हे गणित कागदावर, पहिल्याच आठवड्यात करा.

एक पिक्सेल जमिनीवर किती मीटरचा पडेल? सेन्सरच्या पिक्सेलचा आकार गुणिले उंची भागिले लेन्सची नाभीय लांबी. पिक्सेल 3.45 मायक्रॉनचा, उंची 500 किलोमीटर आणि लेन्स 50 मिलिमीटरची धरली तर उत्तर येतं 34.5 मीटर. सेन्सर 2448 बाय 2048 पिक्सेलचा असेल तर एका चित्रात साधारण 84 बाय 71 किलोमीटरचा मुलूख येतो. भीमानगरच्या धरणापासून भिगवणपर्यंतचा फुगवटा एका चौकटीत मावतो. आमचं वाक्य इथे पास झालं.

मग शटरचा वेग. 500 किलोमीटरवरच्या उपग्रहाची सावली जमिनीवरून सेकंदाला सात किलोमीटर पळते. शटर पाच मिलिसेकंद उघडं राहिलं तर चित्र 35 मीटर, म्हणजे पूर्ण एक पिक्सेल घासतं. एक मिलिसेकंद ठेवलं तर सात मीटर, ते चालतं. पण एवढ्या कमी वेळात पुरेसा उजेड येईल अशी लेन्स हवी. म्हणजे लेन्स निवडताना फक्त लांबी बघून भागत नाही, तिचं तोंडही बघावं लागतं.

आणि मग तो आकडा, ज्यापाशी प्रत्येक टीम गप्प होते. पन्नास लाख पिक्सेल, प्रत्येकी आठ बिट, म्हणजे चार कोटी बिट. हौशी रेडिओच्या बँडवर विद्यार्थ्यांचे उपग्रह बहुधा सेकंदाला 9600 बिट पाठवतात. भागाकार करा: सत्तर मिनिटं. पुण्यावरून असा उपग्रह दिवसात चारेक वेळा क्षितिजावर येतो (अशा प्रत्येक फेरीला पास म्हणतात), त्यातले दोन-तीन पासच बऱ्यापैकी उंच जातात आणि प्रत्येकात कामाची सात-आठ मिनिटं मिळतात. हरवलेली पॅकेट पुन्हा मागवण्याचा वेळ धरला तर एका कच्च्या चित्राला आठवडा जातो. तेच उपग्रहावर दहापट आकसून घेतलं तर एका चांगल्या पासमध्ये उतरतं. म्हणून आकसण्याचा प्रोग्रॅम, आधी छोटं लघुचित्र पाठवण्याची सोय आणि हरवलेले तुकडे नेमके मागवण्याची पद्धत, या तीन गोष्टी कॅमेऱ्याइतक्याच महत्त्वाच्या. त्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवू नका.

यासाठीच म्हणते, आधी गच्चीवर जा.

ग्राउंड स्टेशनची सुरुवात अगदी साध्या सामानावर होते. संगणकाच्या यूएसबीला लागणारा एक सॉफ्टवेअर रेडिओ डोंगल, कोॲक्स केबल आणि इलेक्ट्रिकलच्या दुकानातल्या पीव्हीसी पाइपवर पट्ट्या लावून केलेला यागी अँटेना. 437 मेगाहर्ट्झच्या आसपास तरंगलांबी 69 सेंटिमीटर, म्हणजे हा अँटेना एका हातात धरून आकाशभर फिरवता येतो. आमची पहिली बॅच महिनाभर तसाच हातात धरून इतर विद्यापीठांच्या उपग्रहांचे बीकन, म्हणजे ते सतत पाठवत असलेले ओळखीचे संकेत, ऐकत होती. मोर्समधलं नाव पहिल्यांदा ऐकू आलं तेव्हा मुलं गच्चीवर ज्या पद्धतीने नाचली, ते बघून मला कळलं की टीम आता टिकणार. नंतर दोन मोटारींचा रोटर बसवा, म्हणजे अँटेना आपोआप उपग्रहामागे वळेल. सॅटनॉग्स हे खुलं जाळं आहे, जगभरातल्या हौशी ग्राउंड स्टेशनांचं. त्यात तुमचं स्टेशन जोडा. तुम्ही दुसऱ्यांचे उपग्रह ऐकून ठेवता, उद्या तुमचा उपग्रह चिली किंवा ग्रीसवरून जात असताना तिथलं कुणी ऐकून ठेवेल.

गच्चीवरचे दोन धडे मी प्रत्येक नव्या बॅचला देते. पहिला: कक्षेची बहुतेक सॉफ्टवेअर वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दाखवतात. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. आमचे सुरुवातीचे तीन पास फक्त या गोंधळात हुकले, तेव्हापासून भिंतीवर दोन घड्याळं आहेत. दुसरा: पाऊस. पहिल्याच जुलैत कोॲक्सच्या जोडात पाणी शिरलं, सिग्नल दर आठवड्याला क्षीण होत गेला आणि आम्ही डोंगल बदलत बसलो. जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, वरून साधी काळी टेप, आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. दरवर्षी मे महिन्यात सगळे जोड उघडून बघा.

डॉप्लर, म्हणजे वेगामुळे वारंवारता सरकणं, तेही इथेच शिका. उपग्रह येताना वारंवारता साधारण दहा किलोहर्ट्झ वर असते, जाताना तेवढीच खाली. पडद्यावर ती तिरकी वळणदार रेघ दिसते. ती रेघ ओळखता येणं पुढे फार उपयोगी पडतं, कारण एका रॉकेटमधून अनेक उपग्रह सुटतात आणि पहिले काही दिवस यातला आपला कोणता हे कुणालाच नीट माहीत नसतं. स्वयम् ज्या रॉकेटमधून गेला त्यात एकूण वीस उपग्रह होते. रेघ कुठल्या क्षणी वळते यावरून आपला ओळखता येतो.

ऐकायला सुरुवात झाली की टीममधल्या निदान तिघांना हौशी रेडिओचा परवाना काढायला लावा. उपग्रहाला आज्ञा पाठवायची तर परवाना हवाच, आणि परीक्षेपासून परवाना हातात येईपर्यंत बराच वेळ जातो.

विजेचं गणित लहान आहे पण कठोर आहे. कक्षेत प्रत्येक चौरस मीटरवर 1361 वॅट ऊन पडतं. क्यूबसॅटची, म्हणजे घनाच्या आकाराच्या छोट्या उपग्रहाची, एक बाजू दहा सेंटिमीटरची. तिच्यावर दोन चांगले सोलर सेल बसतात आणि ऊन सरळ पडलं तर दोन-सव्वादोन वॅट मिळतात. दीड तासाच्या प्रदक्षिणेत पस्तीसेक मिनिटं सावलीत जातात, उपग्रह वळत राहतो, म्हणून हातात सरासरी दीड वॅटच्या आसपास राहतं. ट्रान्समीटर चालू झाला की एकटा तीन-चार वॅट ओढतो. म्हणजे तो फक्त पासपुरता चालवायचा. एवढ्यात कॅमेरा, संगणक, रिसीव्हर सगळं बसवायचं. बसत नसेल तर एका घनाऐवजी दोन किंवा तीन घनांचा उपग्रह घ्या. ती माघार नाही. आम्ही दोन वर्षं एकाच घनात सगळं कोंबत होतो, तीन घनांवर आलो तेव्हा श्वास घेता आला.

आता दिशा, म्हणजे कॅमेरा खाली बघतोय का. इथे मी थांबून सांगणार आहे, कारण चुकीचा शॉर्टकट फार मोहक असतो. स्वयम् मध्ये निष्क्रिय चुंबकीय पद्धत वापरली होती: आत कायमचा चुंबक, तो होकायंत्राच्या सुईसारखा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या रेषेला लागून राहतो. वीज लागत नाही, प्रोग्रॅम लागत नाही. संदेशवहनाच्या त्या मोहिमेसाठी ही निवड फार शहाणपणाची होती. कॅमेऱ्याच्या मोहिमेला मात्र ती चालत नाही, निदान आपल्या अक्षांशावर नाही. ध्रुवापाशी क्षेत्ररेषा जमिनीत घुसतात, पण महाराष्ट्रावर त्या जमिनीला बऱ्याच समांतर जातात. चुंबकाच्या दिशेने कॅमेरा लावला तर उजनीवर आल्यावर तो क्षितिजाकडे बघेल. आडवा लावला तर उपग्रह त्या रेषेभोवती मोकळा गिरक्या घेईल, कॅमेरा कधी खाली तर कधी आकाशात.

म्हणून तीन अक्षांना तीन मॅग्नेटॉर्कर म्हणजे वीज सोडली की उपग्रह वळवणारी तारेची वेटोळी, चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर, सूर्य टिपणारे सेन्सर, आणि शक्य असेल तर एक फिरतं चाक. किती अचूकता हवी तेही गणितातूनच काढा: 500 किलोमीटरवरून एक अंशाची चूक जमिनीवर पावणेनऊ किलोमीटर होते. आमची चौकट 84 किलोमीटरची, त्यामुळे दोनेक अंशांची चूक आम्हाला परवडते. अर्ध्या अंशाच्या मागे लागून आम्ही एक वर्ष घालवलं असतं. एक जुन्या टीमांकडून आलेली सूचना: स्टीलच्या मेजरिंग टेपचा अँटेना सगळे वापरतात, स्वस्त आणि छान उलगडतो, पण स्टील चुंबकीय असतं आणि तुमच्या मॅग्नेटोमीटरला चकवतं. मॅग्नेटोमीटर त्यापासून लांब बसवा, किंवा बेरिलियम कॉपरची पट्टी मिळवा.

कॅमेरा तपासायला आम्ही सिंहगडावर जातो. पुण्याचा मध्य तिथून सरळ रेषेत वीसेक किलोमीटरवर. 500 किलोमीटरवरून साडेचौतीस मीटरचा पिक्सेल म्हणजे वीस किलोमीटरवरून सुमारे एक मीटर चाळीस सेंटिमीटरचा. तेव्हा गडावरून घेतलेल्या चित्रात शहरातला बसथांबा किती पिक्सेलचा दिसायला हवा हे आधी काढून ठेवायचं आणि मग मोजायचं. पहाटे, हिवाळ्यात आणि पाऊस नुकताच थांबल्यावर, अशा तीन वेळा जा. धुरकट हवेतून कडा किती पुसट होतात हे तिथेच कळतं. लेन्सचा फोकस अनंतावर लावून स्क्रूला चिकटद्रव्य लावा, आणि तेच चित्र व्हायब्रेशन टेस्टनंतर पुन्हा घ्या. फोकस हललेला असण्याची शक्यता खूप असते.

जोडणीला लागण्याआधी सगळी सर्किटं टेबलावर पसरून तारांनी जोडा आणि महिनाभर तशीच चालवा. याला फ्लॅटसॅट म्हणतात. मग त्या टेबलाला तुमच्या गच्चीवरच्या स्टेशनवरून रेडिओने आज्ञा द्या, केबलने नाही. लॅबमध्ये वीज गेल्यावर उपग्रह आपणहून उठतो का, संगणक अडकला तर वॉचडॉग, म्हणजे त्याच्यावर नजर ठेवणारा टायमर, त्याला रीसेट करतो का, मेमरीतला एखादा बिट उलटला तर काय होतं, हे सगळं इथे मुद्दाम बिघडवून बघायचं. किरणोत्सारामुळे बिट उलटणं वर नेहमीचंच असतं.

अँटेना नायलॉनच्या धाग्याने दुमडून बांधतात आणि तापणाऱ्या रोधकाने तो धागा जाळून सोडतात. हे एवढंसं काम, पण ते फसलं तर उपग्रह कायमचा मुका. खोलीच्या तापमानाला आमचा धागा सतरा वेळा जळला. शून्याखाली वीस अंशांना ठेवून पाहिलं तर अठराव्यांदा जळला नाही. तेव्हापासून दोन रोधक, दोन वेगळी सर्किटं, आणि अँटेना उघडल्याचं कळवणारा स्विच. क्यूबसॅटच्या नियमानुसार रॉकेटमधून सुटल्यावर तीस मिनिटं काहीही उलगडायचं नाही आणि पंचेचाळीस मिनिटं रेडिओ सुरू करायचा नाही. हा टायमर खरोखर पंचेचाळीस मिनिटं बसून, घड्याळ लावून तपासा. आणि लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज होऊ देऊ नका, तिला छोटा हीटर द्या.

व्हायब्रेशन आणि थर्मोव्हॅक (निर्वातात तापवून-थंड करून बघण्याच्या) चाचण्यांच्या तारखा मिळायला वेळ लागतो, म्हणून त्या आधी मागून ठेवा. प्रत्येक स्क्रूला ठरलेला टॉर्क द्या आणि वहीत लिहा. साधी चिकटद्रव्यं आणि प्लॅस्टिकचं वेष्टण निर्वातात वाफ सोडतं, ती लेन्सवर जाऊन बसते. म्हणून प्रत्येक पदार्थाच्या वजनात निर्वातात होणारी घट तपासायची, ती एक टक्क्याहून कमी हवी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. परवानगी इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेकडून, वारंवारता दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाकडून आणि हौशी बँड असेल तर आयएआरयू या हौशी रेडिओच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या समन्वयातून. दोन मुलांनी दोन वर्षं फक्त हेच काम करावं, आणि त्यांचं नाव डिझाइन करणाऱ्यांच्या बरोबरीने लागावं.

सगळा उपग्रह झेपणार नाही असं वाटलं तर फक्त कॅमेरा आणि संगणक बनवा. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काही मोहिमांत उड्डाणानंतर प्रयोगांसाठी फिरत ठेवतात, त्याला पोएम म्हणतात. डिसेंबर 2024 च्या पीएसएलव्ही-सी60 मोहिमेत त्यावर चोवीस प्रयोग होते, त्यात मुंबईच्या ॲमिटी विद्यापीठाचा आणि पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूचाही. वीज तिथे आयती मिळते. पहिल्यांदा करणाऱ्या कॉलेजला मी हाच रस्ता सुचवते.

उड्डाणानंतरच्या पहिल्या पासची तालीम आम्ही दर सहा महिन्यांनी करतो. एक जण अँटेनावर, एक रेडिओवर, एक वहीत लिहिणारा, आणि चौथा फक्त कच्चं रेकॉर्डिंग चालू आहे ना हे बघणारा. पहिल्या पासमध्ये काहीच ऐकू आलं नाही तरी ते रेकॉर्डिंग जपून ठेवायचं. नंतर कक्षेचे नेमके आकडे मिळाले की त्यातूनच बीकन सापडू शकतं. पहिला आठवडा आज्ञा कमीत कमी: बॅटरीचा व्होल्टेज, तापमान, गिरकीचा वेग. गिरकी थांबेपर्यंत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही.

मग पहिलं चित्र. ते उजनीचं मागवायचं नाही. पश्चिम किनाऱ्यावरून जाणारा पास निवडायचा आणि आधी 80 बाय 60 पिक्सेलचं लघुचित्र उतरवायचं. 4800 बाइट, 9600 च्या वेगाने चार सेकंदांत येतं. सगळं पांढरं असलं तर ढग आहेत, ते चित्र सोडून पुढचं मागवायचं. एका बाजूला काळं आणि दुसऱ्या बाजूला करडं दिसलं, मधे दातेरी रेघ दिसली, तर तो कोकणचा किनारा असू शकतो. नकाशा काढून खाड्या जुळवायच्या. जुळल्या तर कॅमेरा किती अंश तिरका बघतोय ते कळतं, आणि मग उजनीकडे वळवायला किती दुरुस्ती लागेल ते त्याच रात्री वहीत लिहून ठेवायचं.